माशाचा वास लागलेला दगड

सेल्व्हिक, विनिपेग सरोवर
१२ मार्च १९७४

ती. थोराताईस,
धाकट्या स्काप्तीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे थंडी आहे आणि मासे नाहीत. पाऱ्याच्या भानगडीत सरकारने सरोवर बंद केलं तेव्हा मासे होते. आता जाळी टाकायला मोकळीक आहे तर मासे रुसलेत. तुझी भावजय लाउगा म्हणते, माझी पाठ म्हाताऱ्यासारखी कुरकुरते. तिची जीभ अजून तरुण आहे.

खरी बातमी वेगळीच. गेल्या आठवड्यात पहाटे जाळी उपसत होतो, तेव्हा आभाळात लख्ख गोळा पेटला आणि थोड्या वेळाने असा गडगडाट झाला की पायाखालचा बर्फ थरथरला. उजाडल्यावर पाहतो तर बर्फावर काळे खडे पसरलेले, कुणी शेगडी पालथी करावी तसे. वास डांबराचा. गावातले म्हणतात, विमानातून काहीतरी सांडलं. मला तुझी आठवण झाली. असल्याच दगडांच्या मागे तू जन्म घालवलास ना? हाताला लागले तेवढे बादलीत भरलेत, उद्या पाठवतो.

चार वर्षं तू इकडे फिरकली नाहीस, त्याबद्दल काही लिहीत नाही. माया असेल तर पत्रातून तरी कळव.

तुझा,
स्काप्ती


हॅमिल्टन
२६ मार्च

चि. स्काप्तीस अनेक आशीर्वाद. लाउगालाही.

पार्सल पोचलं. उघडलं आणि आमच्या प्रयोगशाळेच्या अख्ख्या मजल्यावर मासळीचा वास सुटला. हा डबा कुणाचा, असं विचारत तिघेजण येऊन गेले. हसू नकोस.

तुझे खडे अस्सल उल्केचे आहेत. असे कार्बनने भरलेले काळे दगड फार क्वचित पडतात. त्यांत अमिनो आम्लं असावीत, असं मी आयुष्यभर म्हणत आले. तुझंमाझं अंग ज्यांचं बनतं तेच हे तुकडे, पण जिथे जिवंत काहीच नव्हतं तिथे आपोआप तयार झालेले. अडचण अशी की माणसाच्या घामातही तीच असतात. एका अंगठ्याच्या ठशाने महिन्यांचं काम वाया जातं. माझी वीस वर्षं अशीच गेली. सापडलं म्हणावं, आणि ते कुणाच्या तरी हाताचं निघावं.

ओळखायची एक खूण आहे. डाव्या-उजव्या हातांसारख्या या आम्लांच्या दोन जाती असतात. सजीवांच्या अंगात जवळजवळ सगळी डावीच. आभाळातल्या दगडात दोन्ही सारखी हवीत. तुझ्या खड्यांत बहुतेक डावी निघाली. बादली मासळीची होती ना? शिवाय वाटेत बर्फ वितळून निम्म्या खड्यांचा चिखल झाला.

जूनअखेर इथली माझी खोली नव्या माणसाला देणार आहेत. मी दमले रे. एखादा खडा न हाताळता, न वितळता, बर्फासकट मिळाला असता तर गोष्ट वेगळी. पण आता ऋतू संपत आला, बर्फाचा भरवसा नाही.

ताईवरचा जीव कमी करू नकोस.

थोरा


सेल्व्हिक
४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरोवर बंद केलं तेव्हा प्रयोगशाळेने सांगितलं, तुमच्या माशात पारा. आता प्रयोगशाळा सांगते, तुमच्या दगडात मासा. आमच्याकडची एखादी वस्तू तुम्हा लोकांना कधी चोख वाटते का, ते एकदा बघायचंय.

खडकांच्या पलीकडे कुणी जात नाही, तिथे अजून खडे आहेत. उन्हाने तापून बर्फात रुतलेत आणि वरून पुन्हा गोठलंय. हात लावायचाच नाही, करवतीने बर्फाची लादीच कापून आणायची. करवत उकळत्या पाण्यातून काढली, लाउगाच्या कोऱ्या पिशव्या चोरल्या, नवी पेटी ठोकली. बर्फ अजून हातभर जाड आहे. वारा पडला की निघतो.

काळजी करशीलच. करत असताना एखादी ओळही लिही.

स्काप्ती


हॅमिल्टन
१० एप्रिल

स्काप्ती,

आशीर्वाद वगैरे नंतर. जाऊ नकोस. सकाळपासून तुमच्या दुकानात फोन लावतेय. वादळाने तारा तुटल्यात म्हणतात, तारही जात नाही. म्हणून हे पत्र.

'मिळाला असता तर' हे मी सहज लिहिलं नव्हतं. लिहिताना मला माहीत होतं, मी ते कुणाला लिहितेय. ती ओळ खोडून टाक. मला दगड नको. खोली जाते तर जाऊ दे. हे मिळाल्याचं कळव.

थोरा


सेल्व्हिक
२० एप्रिल

ती. वन्संना लाउगाचा नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. हे मंगळवारीच गेले होते. आधी सांगते, जिवंत आहेत.

परतताना खडकांजवळच्या भेगेत बर्फगाडी मागच्या अंगाने खचली. ह्यांनी उडी टाकून मागच्या स्लेजची, म्हणजे पेटी ठेवलेल्या घसरगाडीची, दोरी कापली, पण स्वतः छातीपर्यंत पाण्यात गेले. स्लेजला धरून, पोटावर सरपटत कसेबसे वर आले आणि तशाच ओल्या कपड्यांनी ती ओढत किनाऱ्याला लागले. गाडी तळाशी गेली. आता इस्पितळात आहेत, न्यूमोनिया झालाय. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत, ती काढावी लागतील म्हणतात.

दारात आल्या आल्या काय बोलले माहितीये? "पेटी चुलीजवळ ठेवू नकोस." मी ती चुलीतच घालणार होते. वन्सं, तुमच्या भावाला मी तीस वर्षं जपलं, आणि तुम्ही एका ओळीत त्याला बर्फावर धाडलंत.

मासे ठेवायचा फ्रीझर रिकामा करून मासे शेजारीपाजारी वाटले. ह्यांच्या सांगण्याप्रमाणे नुसत्या पाण्याने धुतला आणि पेटी आत ठेवली. पोस्टाने मात्र पाठवणार नाही. हवी असेल तर स्वतः येऊन न्या. आलात की कॉफी मिळेल, बोलणीही खावी लागतील.

रागावलेय, तरी तुमचीच,
लाउगा


हॅमिल्टन
३ जून

चि. स्काप्ती व सौ. लाउगास अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडून परतताना पेटी कोरड्या बर्फात ठेवून दोन दिवस आगगाडीत मांडीशी धरून बसले. शेजारच्या बाईला वाटलं, कुणाच्या तरी अस्थी आहेत. ती फार प्रेमाने वागली, म्हणून मी काही खुलासा केला नाही.

काल निकाल हाती आला. डावी आणि उजवी, निम्मी निम्मी. शिवाय एक आम्ल असं, जे ना मासा बनवतो ना माणूस. कुणाच्याही हाताचं नाही, स्काप्ती. तुझ्याही नाही. इतकं चोख काम आमच्या इथे कुणी केलेलं मी पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मी जिन्यावरून ओरडत जाईन. मी काचेची भांडी धुतली, स्टुलावर बसले आणि तिथेच डोळा लागला. साहेबांनी अभिनंदन केलं आणि किल्ली कधी देता, असं विचारलं.

आता दुसरं. इस्पितळात लाउगा बाहेर गेली तेव्हा तू विचारलं होतंस, "मी बुडालो असतो आणि पेटी वर राहिली असती, तर नेली असतीस?" मी तुझं पांघरूण नीट करायला लागले. उत्तर देते. नेली असती. रडत नेली असती, पण नेली असती.

यानंतर तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही, तर मी समजेन. लिहिलंस तर जुलैत तिकडे यावं म्हणते, राहायला.

थोरा


सेल्व्हिक
११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन्ही बोटं गेली. बुटात लोकर कोंबून चालतो. तुझं पत्र धक्क्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं, शेवटचा भाग सोडून. हे खाता येतं का, असं एकाने विचारलं. मग सगळे जाळी शिवायला लागले.

लाउगाने वरची खोली झाडून ठेवलीय. म्हणते, वन्संचं बोलणी खाणं अजून संपलेलं नाही, तेव्हा लवकर या.

तू पेटी नेली असतीस, हे मला पाण्यात असतानाच माहीत होतं, ताई. म्हणून तर ती सोडली नाही.

तुझा,
स्काप्ती