कंट्रोल तुझ्याकडे

३ फेब्रुवारी २०२५
मी शरद विनायक नाडगौडा, वय त्रेपन्न, बी.कॉम., वैमानिक-प्रशिक्षक. निपाणीबाहेरच्या या खासगी धावपट्टीवर आज रुजू झालो. प्रशिक्षकाची ही जागा आधी माझा मित्र सुहास याची. नोव्हेंबरात त्याचे दोन आसनी विमान तवंदी घाटाजवळ कोसळले, त्यात तो गेला. चौकशी अहवालातील ‘मानसिक गोंधळ’ हे दोन शब्द खोडून घेणे, हा येथे येण्याचा हेतू.

खोली हवेशीर आहे. खिडकीतून तंबाखूची शेते दिसतात. येथे स्वयंपाक करणाऱ्या जयाबाईंनी नाष्ट्याला उप्पीट केले. मी घड्याळ पाहून खातो म्हणून त्या हसल्या. सुहासच्या पत्नीने, निवेदितावहिनींनी, अपघाताच्या जागी सापडलेला त्याचा हेडफोन मला दिला आहे. त्यावर ओरखडाही नाही. मन प्रसन्न आहे.

५ फेब्रुवारी
अहवाल पुन्हा वाचला. सकाळी १०.४२, उंची अकराशे फूट. सुहास रेडिओवर तीनदा ‘कंट्रोल तुझ्याकडे’ म्हणाला. विमानात तो एकटा होता, सबब, गोंधळ. वैमानिकांचा नियम असा की एकाने ‘तुझ्याकडे’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘माझ्याकडे’ अशी पोच द्यायची. पोच आल्याशिवाय विमान चालवण्याच्या दांड्यावरचा हात काढायचा नाही. बावीस वर्षांत सुहासने हा नियम एकदाही मोडला नाही. असा माणूस गोंधळत नाही. समितीला तिसरे पत्र पाठवले.

१० फेब्रुवारी
उत्तर आले: प्रकरण बंद. मराठीत लिहिले तेव्हा कन्नड प्रत मागितली, कन्नड दिली तेव्हा इंग्रजी. इंग्रजी दिल्यावर ही एक ओळ, तीही बिनसहीची. दिवसभर संताप. मेकॅनिक मष्णू म्हणाला, “सर, तुमी यमाकडंबी सही-शिक्का मागशिला!” मला हसू आले नाही.

१२ फेब्रुवारी
शेडमधल्या प्रशिक्षणाच्या विमानात कागद तपासत बसलो होतो. इंजिन बंद. कानांवर सुहासचा हेडफोन. १०.४२ ला त्याचा आवाज, अगदी स्वच्छ. कंट्रोल तुझ्याकडे. तीनदा.

मष्णूला बोलावले. “ब्याटरी परवाच काढून ठेवलोय की वो. आणि ही वायर कुटं जोडलासा?”

वायर माझ्या मांडीवर पडली होती.

१३ फेब्रुवारी
पुन्हा, त्याच वेळी.

टाळत होतो ते लिहितो. अपघाताच्या दिवशी सुहासशेजारची खुर्ची माझी होती. परवाना-नूतनीकरणासाठी सुहासबरोबर उडायचे होते, दहाला पोचायचे होते. एका कागदावर शिक्का राहिला, म्हणून खासबागेतल्या कचेरीत थांबलो. शिक्क्याविना चालले असते. सुहासने फोनवर सांगितलेही होते: ये रं लवकर, तोवर एक फेरी मारून येतो.

तो मलाच म्हणत होता. अजून पोचेची वाट बघतो आहे.

मष्णूने हेडफोन मागितला, जाळून टाकतो म्हणाला. दिला नाही. जाताना दारातून म्हणाला, “जबाब देऊ नकासा सर. दिलासा तर ते तुमच्याकडं येतंय.”

१४ फेब्रुवारी, सकाळी १०.३५
शेडमध्ये. चाकांना ठोकळे लावले आहेत. उंचीमापक शून्यावर. दार उघडे, बाहेर ऊन. या पानाच्या तळाशी सही, ठिकाण व तारीख आधीच घातली आहे. मधली जागा मोकळी. आज पोच देणार. अर्धवट काम मला सहन होत नाही.

१०.४२. तीनदा. म्हणालो — माझ्याकडे.

आवाज थांबला. मग एक श्वास — हात मोकळे झालेल्या माणसाचा.

काटा हलला. अकराशे.

चाके जमिनीवर आहेत. ठोकळे दिसतात. मष्णू दारात — विमानाकडे नाही — आभाळाकडे बघतोय —

नऊशे. दांडा अडकला आहे. म्हणजे गोंधळ नव्हता — दांडाच अडकला होता — हे समितीला —

सहाशे. उजव्याने लिहितो, डावा हात सुटत नाही — पोच दिली आहे —

तीनशे. समोर घाट. मष्णूला ओरडून — मष्णू, कंट्रोल तुझ्या—

शरद विनायक नाडगौडा
निपाणी, १४ फेब्रुवारी २०२५