खडूचा उ

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! बोट पाण्यात असणार असं धरून मी कालपासून मळमळीच्या गोळ्या खात होते, आणि ही बाई चक्क जमिनीवर, लाकडी टेकूंवर उभी. शिडी लावून चढायचं. ते बघून बारक्या हसला. खरंच हसला, आवाज करून.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाव बारक्या, वय सेहेचाळीस, वजन पंच्याण्णव किलो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायला हाक मारली की उठायचा, जेवून पुन्हा भिंत. निघताना आईनं मला एवढंच बजावलं, की काम बिघडलं तरी चालेल, पण त्याला माणसांत आण आणि घेऊन ये. ही वही त्यासाठीच. गेल्यावर तिला वाचून दाखवायची आहे.

काम असं: शिडाच्या बोटीच्या आतल्या छताचं अस्तर बदलायचं. जुनं कापड पोट सुटल्यासारखं लोंबतंय. बोटी दुरुस्त करायच्या या आवाराचा मुकादम भला माणूस आहे, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. मालक कधी भेटतील विचारलं तर म्हणाला, मालक बोटीतच असतात. आम्ही आत जाऊन आलो, चिटपाखरू नाही. जीव बोटीत अडकलाय असं म्हणायचं असेल बिचाऱ्याला. आमची राहायची सोयही बोटीतच, दोन बाकांवर. बारक्याला एक बाक पुरत नाही आणि मला त्याचं घोरणं पुरून उरतं.

मंगळवार, ५ तारीख

जुनं अस्तर उतरवलं. मागचा फोम कुजून त्याचा भुगा झाला होता, दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. कापडाच्या वर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या वर बोटीचं कवच. मध्ये दोन बोटांची फट, त्यातून दिव्यांच्या वायरी गेल्यात.

एक गोष्ट लिहून ठेवते. पुढच्या केबिनमधलं कापड वरच्या बाजूनं झिजलंय, जी बाजू कुणाला दिसत नाही त्या बाजूनं. तीस वर्षं मी खुर्च्या नि सोफे मढवतेय, झीज बघून माणूस कुठल्या कुशीवर टेकतो ते सांगते. ही झीज बैठकीची आहे. खाली दोन गोल, मागे पाठीचा पट्टा. पण दोन बोटांच्या फटीत बसणार कोण? वायरी घासल्या असतील. बारक्या त्या झिजलेल्या जागेवरून बराच वेळ हात फिरवत राहिला. म्हणाला, ताई, कुणीतरी फार निवांत बसलंय इथं. मी म्हटलं, तू निवांत बसू नकोस, पिना उपट.

गुरुवार, ७ तारीख

मालकांनी नवं कापड म्हणे कैक वर्षांपूर्वीच आणून ठेवलंय, जाड नि करडं. सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, डोळ्यांना पत्ता लागत नाही. मला तळव्यालाही लागेना. बारक्याला मात्र लागतो. तो गाड्यांची छतं करायचा. डोळे मिटतो, हात फिरवतो आणि सांगून मोकळा. मुकादम दोनदा येऊन बजावून गेला, की मालकांचा हट्ट एकच, सुलट बाजू खोलीकडे. मी म्हटलं, आम्ही काय काल सुई हातात धरली का?

मधल्या केबिनचं छत संपलं. एकसंध कापड, खुणा करायचीही गरज पडली नाही. बारक्या मध्ये उभा राहून डोक्यानं आणि दोन्ही तळव्यांनी कापड वर दाबून धरतो, मी कडेकडेनं पिना मारत जाते. छताला दोन माणसं लागतातच. बाबांच्या दुकानात मी सोफ्यांकडे असायचे नि हा गाड्यांकडे, त्यामुळे एकत्र काम आयुष्यात पहिल्यांदाच. छान जमलं. काम करताना तो गुणगुणत होता. जेवताना स्वतःहून आईची चौकशी केली. मी भांडी घासायच्या निमित्तानं पाठ वळवली आणि रडून घेतलं.

शनिवार, ९ तारीख

जमेल तसं लिहिते.

पुढच्या केबिनच्या छताला दोन त्रिकोणी तुकडे लागतात, एक उजवा, एक डावा, मध्ये हवेची झडप. सकाळी बारक्यानं दोन्ही कापून खुणा करून ठेवले आणि हात धुवायला गेला. बघते तर दोन्हींवर खडूनं ‘उ’. मला हसू आलं. भाऊसाहेबांना दोन्ही हात उजवेच! माझ्या दुकानात ‘उ’ म्हणजे उजवा, आज तीस वर्षं. त्यातला एक मी उजवा धरला. बसेना. पालथा केला तर तंतोतंत बसला. खडूची खूण बाहेर आली, ती ब्रशनं झटकून टाकली.

बारक्या आला, नेहमीसारखा डोक्यानं टेकू देऊन उभा राहिला. मी पिना मारत सुटले. शेवटची उरली तेव्हा तो म्हणाला, ताई, थांब, हाताला उलट लागतंय, मी ‘उ’ लिहिलं होतं ना. मी म्हटलं, उ म्हणजे उजवा. तो म्हणाला, नाही गं, उ म्हणजे उलट बाजू. मी म्हटलं, एकच पिन राहिलीय, मग बघू.

आणि मारली.

मागे शिडी वाजली. वाटलं, रुसून खाली उतरला. पण त्याच्या वजनाला ती शिडी करकरते. आता करकरली नाही.

त्याच्या चपला इथेच आहेत. मी पिना मारत होते तिथेच, जोडीनं.

रविवार, १० तारीख

आवार पालथं घातलं. रस्ता, दुकानं, दवाखाना. परत येऊन त्याच्या चपला घेऊन बसले, तर वरून हाक आली. ताई.

कापडाच्या मागून. दोन बोटांच्या फटीतून.

घाबरलेला नाही. म्हणाला, इथं खोली आहे, लहानशी, चारी बाजूंनी हेच कापड, सुलट बाजू आत. एक खुर्ची आहे. दार नाही. एक गृहस्थ खुर्चीत बसले होते, ते उठले, त्याला बसा म्हणाले आणि गेले.

कुठून गेले, ते त्याला सांगता येत नाही.

मी तळवा टेकवला. पलीकडून त्याचा टेकला. ऊब लागते.

दोन पिना काढल्या, आत बघायला. तो किंचाळला. भिंत आत येतेय म्हणाला. मी पिना होत्या तिथे परत ठोकल्या. तेव्हा थांबली.

म्हणजे कापड उलट आहे तोवर त्याच्याकडे खोली आहे. सुलट केलं की तिथं फक्त फट. दोन बोटं. आणि तो पंच्याण्णव किलोचा.

हे मी केलं. एका पिनेची घाई मला.

सोमवार, ११ तारीख

मुकादम नाचत आला. मालक स्वतः ऑफिसात आले म्हणे, किती वर्षांनी! वाळून काडी झालेत, पाठ-पोट एक, सदरा पाठीवर विरलेला. पण खुशीत आहेत. त्यांनी एकच सांगितलं, पुढच्या केबिनचं कापड उलट लागलंय, बुधवारी सकाळी माणसं लावून सुलट करून घ्या.

जुनं कापड उतरवल्यावर चार दिवस हा वाळका त्या फटीत मावला. मालकाला परत आत जायचं नाही. म्हणून.

मुकादमाला सगळं सांगितलं. हाताला धरून आत आणलं, छताला कान लावायला लावला. बारक्या वरून हाका मारत होता. मुकादमाला काही ऐकू आलं नाही. भाऊ भांडून निघून गेला की असं होतं म्हणाला. झोपा म्हणाला.

मंगळवार, १२ तारीख

दुसरा त्रिकोण आहे. तो उलट लावायचा, टेकू माझ्या डोक्याचा. मी आत, तो बाहेर. बारक्या आत गेला तेव्हा मालक असाच सुटला ना?

पण पिना कोण मारणार. स्टेपल गन काठीला बांधून बघितली. चार वेळा कापड अंगावर पडलं. मुकादमाच्या पाया पडले, म्हटलं नुसत्या पिना मारा. त्यानं पाय मागे घेतले. उलट कापड एक इंचही लावणार नाही, मालकांना शब्द दिलाय म्हणाला.

बारक्या म्हणतो, राहू दे ताई. इथं बरं आहे. इथं कुणी ऊठ म्हणत नाही.

आईचा फोन आला. जेवला का विचारत होती. म्हटलं, जेवला, पडलाय जरा. हसतो का विचारलं. हो म्हटलं.

बुधवार, १३ तारीख

माणसं आली. केबिनचं दार आतून अडकवलंय. दाराला बाक लावलाय.

दाराशी कुणी येतच नाही. डेकवर पावलं. वरच्या झडपेची चौकट सोडवताहेत. ती निघाली की कापडाची कड सुटते, मलाही माहीत होतं, कसं विसरले —

डोक्यानं दाबून धरलंय. एका हातानं लिहितेय.

एक स्क्रू निघाला.

बारक्या विचारतो, खोली लहान होतेय का. नाही म्हटलं.

दुसरा. खुर्ची मोडली म्हणतो. उभा राहिलाय. पाठ टेकली.

ओरडतेय, थांबा, माणूस आहे आत. वरून मालक म्हणतो, चालू द्या.

तिसरा. पोट टेकलं. आता त्याला बाहेर यायचंय. आता म्हणतोय, ताई, मला घरी ने —

मान जातेय माझी, पण धरलंय — बारक्या, श्वास सोड, सगळा सोड, आणि अंग चोर, चोरता येईल तेवढं अंग