टॉफीच्या कासऱ्याबद्दल व्याह्यांना

मुक्काम लातूर, पोळा होऊन चौथा दिवस

देगलूरचे आमचे व्याही दयानंदराव यांना शेषेरावाचा रामराम. विहीणबाईंना दंडवत सांगा. पुनमचे दिवस भरत आलेत, तिला जपा, जिने चढू देऊ नका. पोरगा होवो का पोरगी, मी पेढेच वाटणार, त्यात कुणी अक्कल शिकवायची न्हाई. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? तेल लावता का निस्तं बाटलीकडं पाहून राहिलात? माझी तब्येत चांगली हाय. इतकी चांगली मागच्या सात वर्षांत नव्हती. फोन सोडून कागद काळा केला, कारण तुमच्या घरी फोन आधी स्पीकरवर जातो आन् मंग तुमच्याकडं येतो. हे पत्र देगलूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो, त्याला तुमचं दुकान माहीत हाय. एकट्यानं वाचा.

काल पुनमनं कळवलं की येत्या रविवारी तुमचा नांदेडचा पुतण्या गाडी घेऊन येणार आन् टॉफीला कायमचं घेऊन जाणार. तान्ह्या लेकराच्या घरात कुत्र्याचे केस नकोत असं विहीणबाईंचं म्हणणं. न्या. माझी काही हरकत न्हाई. कुत्रं तुमच्या लेकीचं, मी निस्ता सांभाळणारा. पण जनावर दुसऱ्याच्या हाती देताना त्याची खोड लपवू न्हाई. बैलबाजारात खोड लपवून बैल विकला तर माणूस सात गावांत बदनाम होतो. म्हणून आपल्या नात्याला जागून, या कुत्र्यात काय काय बिघाड झालाय ते आधीच सांगून मोकळा होतो. नंतर पुतण्यानं म्हणू न्हाई की शेषेरावानं फसवलं.

आमचा पोरगा बालाजी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेला, पुनम पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडं आली, आन् मला आन् गुणाबाईला गावाकडून आणून लातूरच्या घरात बसवलं. जाताना पुनमनं टॉफीबद्दल दोन पानं लिहून दिली. कव्हा खाणार, कोणत्या वाटीत खाणार, कोणत्या ब्रशनं केस विंचरायचे, सिट म्हणल्यावर काय खायला द्यायचं, स्टे म्हणल्यावर काय द्यायचं. (माझ्या बापानं मला शाळेत घातलं तव्हा मास्तरला माझ्याबद्दल दोन शब्दबी सांगितले न्हाईत, तिसरीत काढून घेतलं तव्हाबी सांगितलं न्हाई.) चौतीस किलोचा गडी, रंग गुळाच्या ढेपीसारखा, आन् नाव टॉफी. फिरवायचा पट्टा असा की बटन दाबलं की दोरी आत पळते, सोडलं की बाहेर पळते. दोरीच सगळं ठरवणार तर मालक कशाला पाहिजे? दुसऱ्याच दिवशी त्या दोरीनं एक दूधवाला, त्याची सायकल आन् मी, तिघांना एका खांबाला बांधून टाकलं. घरी आलो, पट्टा कपाटात फेकला आन् माझा कासरा काढला. बैल विकून सात वर्षं झाली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण कासरा मी कुणाला दिला न्हाई. गाठोड्यात घेऊन आलो होतो. कशाला आणला असं गुणाबाईनं विचारलं होतं, तव्हा मी गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

आता खोड क्रमांक एक. हे कुत्रं इंग्रजी इसरलं. मी त्याला औताच्या डाव्या बैलासारखं चालवलं. जिभेनं चक् चक् केलं की चालायचं, हो हो म्हणलं की थांबायचं, शीळ घातली की पाणी प्यायचं. दयानंदराव, तुम्ही दुकानदार, तुम्हाला सांगून कळायचं न्हाई, पण बैलाला हे शिकवायला माझा अख्खा हंगाम जायचा. यानं आठ दिवसांत उचललं. आता सिट म्हणलं तर ते माझ्या तोंडाकडं पाहतं, जसं मी कलेक्टर हाफिसात गेल्यावर साहेबाच्या तोंडाकडं पाहतो. तुमच्या पुतण्याला चक् चक् करता येतं का ते विचारून घ्या. तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणे, कुत्र्याला लिफ्टनं खाली आणणार. लिफ्टमधी औत वळत न्हाई.

खोड क्रमांक दोन, ओळखी. पहाटे पाचला आम्ही निघतो. मी न्हाई उठलो तर ते माझ्या पायावर डोकं ठेवतं आन् असा सुस्कारा सोडतं की माणसाला आपण कुणाचं तरी शेत बुडवलं असं वाटावं. पूर्वी लातुरात बालाजीकडं आलो की मला कुत्रं विचारायचं न्हाई (खरंच सांगतो, म्हण म्हणून न्हाई). आता बगीच्यापर्यंत जाऊस्तोवर अकरा माणसं थांबून बोलतात. गंमत अशी की कुणी कुणाचं नाव विचारत न्हाई. एक दिपालीबाई म्हणून बँकेतल्या बाई हायत, त्यांचं नाव मला तीन आठवड्यांनी कळलं, तोवर त्या डब्बूची मम्मी. डब्बू म्हणजे लांब कानाचं एक खादाड कुत्रं, रस्त्यावरचा कागदसुद्धा चव घेऊन सोडतं. मी टॉफीचे आजोबा. परवा भाजीवाल्यानंबी तेच म्हणलं, आन् मी हाव म्हणलो, थांबलोबी न्हाई इचार करायला.

मग साहेबराव सर. रिटायर हेडमास्तर, त्यांच्याकडं पांढरं चेंडूएवढं कुत्रं, त्याला ऐन भादव्याच्या तोंडावर स्वेटर. पहिल्या दिवशी माझा कासरा पाहून म्हणाले, “शेषेराव, हे कुत्रं हाय का गोऱ्हा? नांगराला कव्हा जुपता?” मी म्हणलं, “सर, आधी तुमचं लोकरीचं गुंडाळं जमिनीवर ठेवा, चालता येतं का पाहू, मंग बोलू.” तव्हापासून आमची दोस्ती. रोज एका बाकावर बसतो, ते त्यांच्या पेन्शनीचं सांगतात, मी माझ्या सोयाबीनचं सांगतो, आन् दोन्ही कुत्री खाली आडवी पडून ऐकतात. मधी डब्बूची मम्मी येते, म्हणते, “काका, टॉफीला भाकरी देऊ नका, त्याला सोसत न्हाई.” मी म्हणतो, सोसत न्हाई ते त्याला सांगा, रोज दोन हाणतो.

आता मोठी खोड, जिच्यावरून हे सगळं उलटलं, ती पोळ्याची. तुमच्या कानावर आलंच असंल, तरी जसं झालं तसं माझ्याकडून ऐका. बैल विकल्यापासून आमच्या घरी पोळ्याला मातीचे बैल पुजतात. यंदा आम्ही निलंग्याजवळच्या आपल्या गावी गेलो, टॉफीला पिकअपमधी घालून नेलं. आन् माझ्या मनात आलं, घरात कासऱ्याला धडधाकट जनावर बांधलेलं असताना मातीला कशाला पुजायचं? गुणाबाई म्हणाली, लोक शेण घालतील तोंडात. मी म्हणलं घालू दे. आदल्या दिवशी खांदेमळण केली. त्याच्या खांद्याला हळद आन् लोणी चोळलं, आन् बैलाला म्हणतात तसं रीतसर म्हणलो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्यानं उद्याची वाट पाहिली न्हाई, स्वतःच्या खांद्यावरचं लोणी चाटलं, माझ्या हातावरचं चाटलं, आन् वाटीबी चाटून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी अंगावर झूल टाकली (गुणाबाईच्या जुन्या लुगड्याची). शिंगं न्हाईत म्हणून बाशिंग कानांना बांधलं. पिवळंजर्द, झूल घातलेलं, एका कानावर बाशिंग कललेलं. दयानंदराव, नवरदेव झक मारंल.

गावात आता बाराच जोड्या राहिल्या, बाकी लोकांनी ट्रॅक्टरला हार घालून आणले होते. आम्ही सगळ्यात मागं उभे राहिलो, मला माझी पायरी कळते. वेशीत तोरण बांधलेलं. त्याखालून पहिला जायचा मान महांतेश पाटलाच्या बैलाचा, चार पिढ्यांचा. तो गेल्याबिगर दुसरं जनावर हलत न्हाई. हलगी थांबली. सगळं गाव गप. महांतेशनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला आन् जिभेनं चक् चक् केलं.

बैल म्हातारा हाय, त्यानं इचार करायला वेळ घेतला. टॉफीनं घेतला न्हाई. आठ दिवसांत शिकलेलं ते हजार माणसांच्या पायातून निघालं. कासरा माझ्या मनगटाला गुंडाळलेला, मी मागं. रुमाल एका बाजूला, वहाण दुसऱ्या बाजूला, हो हो म्हणायला तोंडात थुंकी न्हाई. तोरणाखालून पहिलं टॉफी गेलं, दुसरा मी गेलो, आन् मागून हलगीवाल्यानं (त्याचा तरी काय दोष) जोरात हलगी सुरू केली.

महांतेश पळत आला. म्हणला, “शेषेराव, बापजाद्यांचा मान तुमच्या कुत्र्यानं खाल्ला.” मी म्हणलं, “महांतेश, हुकूम तुझा होता, त्यानं ऐकला. तुझ्या बैलाला ऐकू येत न्हाई त्याला मी काय करू?” हे बोलायला नको होतं. दहा माणसं माझ्याकडून, दहा त्याच्याकडून, तमाशा. मंग महांतेशची आई धोंडाबाई काठी टेकत आली. तिनं टॉफीकडं पाहिलं, टॉफीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं आन् तो रोजचा सुस्कारा सोडला. बाई म्हणाली, “माणसं भांडतात न् जनावर उपाशी हाय. तोरणाखालून आलेलं जनावर दारातून उपाशी धाडत न्हाईत. पोळी आणा रे.” पाटलाच्या घरी त्याची पूजा झाली, पाय धुतले, पुरणपोळी दिली. पाटलानं दिल्यावर मागं कोण राहतंय? अकरा घरी पोळी झाली. महांतेशनं स्वतः त्याचं बाशिंग सरळ केलं.

पण कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता, तो पुनमच्या मोबाईलवर गेला. ती म्हणाली, मामा, तुम्ही माझ्या टॉफीला जनावर करून ठेवलं. आता ते मूळचं काय होतं हे मी तिला या दिवसांत कसं समजावू? आन् विहीणबाईंनी केसांचा मुद्दा काढला. दोन दिवस त्याचं पोट बिघडलं तेबी मान्य. जनावरांच्या दवाखान्यात नेलं, रांगेत पुढं म्हैस, मागं शेळ्या. डॉक्टर म्हणाले, पोळ्या बंद करा, बाकी असं ठणठणीत कुत्रं पाहिलं न्हाई. तर अशा सगळ्या खोडी. न्यायचं तर खुशाल न्या.

आपला,
शेषेराव

ता. क. पुतण्याला रविवारी येऊ नको म्हणा. सोमवारी साहेबराव सरांच्या कुत्र्याचा वाढदिवस हाय, आम्हाला बोलावणं हाय. मंगळवार आमचा बरा नसतो. बुधवारी बघू.

ता. क. दुसरा. आता खरं ते लिहितो. विहीणबाईंना तुमच्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगा की बाळ घरी आलं की म्हातारे गावाकडं जाणार, कुत्रंबी त्यांच्यासंगं गावाकडंच राहू द्या, केस काय रानात पडतील. माझं नाव काढू नका. हे कुत्रं पहिल्यांदा घरात आलं तव्हा मी सहा महिने बालाजीकडं पाणी प्यायलो न्हाई, ते पुनमच्या पक्कं ध्यानात हाय.

ता. क. तिसरा. दादा, हे अक्षर माझं, गुणाबाईचं. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडंच दिलंय. पुनमचा फोन झाल्यापासून ह्यांनी ताटाला हात लावला न्हाई, अन् मला म्हणतात पोट जड हाय. तुमच्या पुतण्याला रविवारीच येऊ द्या, फक्त गाडी मोठी आणायला सांगा. मागं कुत्रं बसंल, त्याच्याशेजारी हे बसतील, उतरायचे न्हाईत. नांदेडचा पत्ता तेवढा कळवा, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या कुठं पाठवायच्या ते मला माहीत असलेलं बरं.