फुल बाह्यांचा वेटसूट

६ नोव्हें.
ऋतुजाचं डोकं फिरलंय. लग्न झालं की लोक मनालीला जातात. हिला समुद्रावर जायचंय, अन् तिथं फळीवर उभं राहून लाटा चढायच्यात. सर्फिंग! करमाडची पोरगी! म्हटलं, आपल्या नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाय, अन् तुला लाटा पायजेत? "म्हणूनच तर," म्हणली. झालं. हिला नाय म्हणायला मला कधी जमलंय? आता दोघांना वेटसूट बघायचेत. रबरासारखा असतो म्हणे, अंगाला गच्च बसणारा.

९ नोव्हें.
सेकंड शिफ्ट. वाळूजपर्यंत बसमध्ये वेटसूटच बघत होतो. दोन मि.मी., तीन मि.मी., अर्ध्या बाह्या, फुल बाह्या. जाड तो चांगला असं धरून पाच मि.मी.चा निवडला अन् ऋ.ला फोटो टाकला. लगेच फोन. खदाखदा हसायला लागली. "अरे येड्या, तो बर्फाच्या पाण्यातला! आपल्याकडं पाणी कोमट असतंय. पातळ घे, अर्ध्या बाह्यांचा."
म्हटलं, पातळ घेतो, पण बाह्या फुलच. माझ्या पाठीला अन् दंडाला ऊन चालत नाय, तुला माहितीये ना.
"ऊन कुणाला चालतं रे!"
किती सहज बोलली. पाठभर कोड असलेल्या माणसाशी असं कोण बोलतं? भरून आलं एकदम. शेजारचा बघायला लागला तसं खिडकीकडं तोंड केलं. नशीब काढलंय मी.

१४ नोव्हें.
सूट आला.
आत पाय घालता घालता घामाघूम. कसाबसा चढवला तर झिप पुढं! आई दारात, पदर तोंडाला लावून हसतीय. "उलटा घातलास की रे. अन् एक नंबर मोठा नाय का घ्यायचा?" परत काढला, परत घातला. झिपची दोरी पाठीवर कुठं अडकली, हात पुरेना. आईनंच ओढली. मानेपर्यंत ओढली, पाठीवरून हात फिरवला अन् म्हणली, "बरं झालं बाबा. सगळं झाकलं. तिथं पाण्यात तिला काय दिसायचं नाय."
म्हटलं, दिसायचं नाय म्हणजे? तिला माहितीये की.
आई झिपची दोरी उगाच सरळ करत बसली.
आई, तू बोलणी करून आलीस तवा सगळं सांगितलंस ना?
"त्यांनी विचारलंच नाय. विचारलं असतं तर सांगितलं असतं."
रबर छातीला आवळलेलं, श्वास घेता येईना. ओरडलो मी आईवर. आजवर कधी ओरडलो नव्हतो. ती पण ओरडली. "तीन ठिकाणी खरं सांगितलं. तिन्ही ठिकाणी चहा पिऊन उठले लोक! अजून किती ठिकाणी सांगू?" मग रडायला लागली. मी तसाच, सूट घालून, पलंगावर.

१५ नोव्हें.
कामात लक्ष नाय. तिचं ते "ऊन कुणाला चालतं" डोक्यातून जाईना. तिला काय म्हणजे काय माहीत नव्हतं. अन् मी खुळ्यागत खूश.
पत्रिका छापून आल्यात. आई माझ्याशी बोलत नाय, मी आईशी.

१६ नोव्हें.
ऋ.ला मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या हॉटेलात बोलावलं. चहा सांगितला अन् सगळं बोलून टाकलं. शर्टाची बाही वर सारून दंडावरचा डाग दाखवला.
तिनं बघितलं. लई वेळ बघितलं. मला वाटलं उठून जाती आता.
"हे मला चाललं असतं," म्हणली. "चाललं असतं" म्हणली, "चालतं" नाय.
म्हटलं, मला वाटलं आईनं सांगितलंय.
"बोलणी तुझ्या लग्नाची. पाठ तुझी. अन् सांगायला आई?" आवाज चढला तिचा. हॉटेलवाला वळून बघायला लागला. "चार महिने रोज फोनवर बोलतोस, एकदा तुझ्या तोंडून निघू नये?"
खरं होतं.
"दादांना तू सांगायचं. घरी येऊन. मी आधी एक शब्द बोलणार नाय. अन् माझं काय ते मी नंतर बघीन." दादा म्हणजे तिचे वडील. चहा तसाच ठेवून गेली.

१८ नोव्हें.
करमाडला जाऊन आलो. दादा अंगणात खुर्ची टाकून मांडववाल्याशी फोनवर. मला बघून हसले, "या, या! मानसं किती धरू तुमच्याकडची?"
म्हटलं, दादा, आधी एक बघा. अन् शर्टच काढला. पाठ त्यांच्याकडं केली. त्यामुळं त्यांचं तोंड मला दिसलं नाय. समोर स्वयंपाकघराच्या दारात ऋ. उभी होती. ती माझ्याकडं नाय, दादांकडं बघत होती.
मांडववाला फोनवर हॅलो हॅलो करतोय.
"शर्ट घाला," दादा म्हणले. बस्स. मग फोन बंद केला अन् म्हणले, "उद्या तुमच्या मातोश्रींना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलायचंय."
लग्नाला होय पण म्हणले नाय, नको पण म्हणले नाय.
घरी आलो तर आई ऋ.च्या साडीला फॉल लावत होती. सांगितलं, मी त्यांना पाठ दाखवून आलोय, उद्या तुला बोलावलंय. सुई हातातच राहिली. वाटलं आता रडती, न्हायतर नाय म्हणती.
दातानं दोरा तोडला. साडीची घडी घातली.
"सकाळी लवकर निघू," म्हणली.