वकीलसाहेबांच्या कपाळावरचं कुंकू

फ्रीमाँट, शुक्रवार, फेब्रुवारी २००४

नातीने शाळेसाठी इथल्या जुन्या काळच्या एका वकिलाचं मोठं चित्र काढलं. खाली त्याचं चरित्र, सगळं इंग्रजीत. "हा कोण गं?" विचारलं तर लेक म्हणाली, "वकील होता आई, मग पुढारी झाला. दोनशे वर्षं झाली जाऊन." पुढे सांगायला वेळ कोणाला?

गेलेल्या मोठ्या माणसाच्या फोटोला लावतो, तसं मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. चुकलं काय? नात रडायलाच लागली, "आजी, यू रुइन्ड इट! सोमवारी द्यायचंय!"

ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर सगळं कपाळ लाल. आता वकीलसाहेब रागावल्यासारखे दिसतात. रागवा खुशाल. तुमची गोष्ट मला कोणी धड सांगितली नाही, म्हणून मीही रागावलेय.