सहावी प्रत

३ मार्च
नवा कंपायलर या म्हाताऱ्या सिस्टिमवर चढायलाच तयार नाही! आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणं एवढंच त्याचं काम, पण पाणीपुरवठ्याच्या पंपांचा प्रोग्राम जुन्या वळणाचा — निम्मा त्याच्या डोक्यावरून जातो. शेवटी स्क्रिप्ट लिहिली: मजकूर नव्या वळणात आणायचा, त्याच नावाने ठेवायचा, मग कंपायलरला द्यायचा. दहाएक वेळा चालवली, जमलं नाही; फसलेल्या प्रती पुसून टाकल्या. जुन्या प्रती सिस्टिम आपोआप जपते, त्यामुळे बिनधास्त.

७ मार्च
पंपांच्या प्रोग्रामची मूळ फाइल गायब. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंच्या सव्वीस वर्षांच्या दुरुस्त्या तीत होत्या! बाईंनी मला विचारलं, "तू त्या नावावर काही ठेवलं नाहीस ना?" साहेब समोरच उभे. "नाही," म्हणून गेलो. वर हेही — "काल बाईंनी जुन्या फाइलींची सफाई केली ना?"
बाईंचा चेहरा उतरला. "केली खरी. दर शुक्रवारी करते. पण ही कशी पुसेन मी?"

८ मार्च
रविवार असून ऑफिसात गेलो. मॅन्युअल उघडलं. सिस्टिम प्रत्येक फाइलच्या पाचच प्रती ठेवते. सहावी आली की सगळ्यात जुनी जाते. म्हणजे मूळ फाइल मीच घालवली, मंगळवारीच. बाईंना हे पाठ असणार. म्हणूनच तर विचारलं त्यांनी.
उद्या सांगतो.

९ मार्च
नाही सांगितलं.

१२ मार्च
बाई जुन्या छापील कागदांवरून सगळं पुन्हा टाइप करताहेत. एकशे दहा पानं. अर्धी मी करतो म्हणालो. "नको रे. मी केलं, मीच निस्तरते." मग मान वर न करता — "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. केलेलं आठवायचं नाही."
रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस?"

१७ मार्च
स्क्रिप्ट सुधारली, कंपायलर चालला. बाईंनी टाइप केलेल्या प्रोग्रामवर पंप सुरू झाले. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. पहिली टाळी बाईंची. लाज वाटते. स्वतःची किळस येते. तरी हसून "थँक यू" म्हणालो!

१९ मार्च
बाईंनी राजीनामा दिला. साहेबांना म्हणाल्या म्हणे, "गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे. माझाच माझ्यावर भरवसा नाही राहिला."

२० मार्च
बाईंच्या घरी गेलो. सगळं कबूल केलं — स्क्रिप्ट, पाच प्रती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
"मी तुला तेव्हाच विचारलं होतं. तू नाही म्हणालास. तू खोटं बोलणारा नाहीस रे. आता माझं मन राखायला बोलतोयस."
मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.