मोकळा पट्टा

चि. हर्षाली,

मामाचा आशीर्वाद. बायपासनंतर मी बेल्ह्याच्या बाजारात पुन्हा बैल बघत फिरतोय, पण तुझ्यापुढे यायला तोंड नाही.

ऑपरेशनआधी तू तुझ्या संशोधनासाठी आम्हा पेशंटांच्या दंडाला पट्टा बांधायचीस. काहींचा आवळून रक्त थोडा वेळ अडवायचं, मग सोडायचं. त्याने काळीज पुढचा त्रास सोसतं का, ते तुला बघायचं होतं. बाकीच्यांचा पट्टा नुसता नावाला. कुणाचा कुठला, ते आम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

पण रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारा दलाल मी. पडद्याआडून पट्टा फुगवणाऱ्या पंपाचा आवाज ऐकून सगळ्यांचं ओळखलं. माझ्यासारखीच ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पिंपळवंडीच्या ठमाबाईला म्हणालो, "आक्का, आपल्याला फसवलंय. आपला मोकळाच हाय."

"मग आवळ की भाऊ! मरू का मी?"

टॉवेलने तिचा दंड आवळला, सोडला, पुन्हा आवळला. मग माझा. मग मोकळ्या पट्टेवाल्या सगळ्यांचेच. लई हुशारी वाटली तेव्हा.

काल फोनवर तू रडवेली झालीस. "मामा, आवळलेले आणि मोकळे, दोन्ही गट सारखेच निघाले. पट्ट्याचा उपयोगच नाही. मी काम बंद करतेय."

मी म्हणालो, "असू दे गं, दुसरं काहीतरी बघ."

हे पत्र पाठवलं, तर तू एकटीच वाचशील आणि मामाची लाज झाकशील. म्हणून पाठवत नाही. उद्या पहिल्या एसटीने येतो आणि तुझ्या साहेबांपुढे उभा राहून सांगतो, की मोकळ्यांचे दंड मीच आवळले होते.

तुझं काम नासवणारा,
हौशीराममामा